एका दिवसाला एक मिलिमीटर
(बी. ए. भाग २)

आमच्या माणदेशात 'शीर' हा एकच शब्द तीन कामे करतो. रक्त वाहते तीही शीर, मूठ आवळल्यावर मनगटावर ताठ उभी राहते तीही शीर, आणि पायाला ठेच लागल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचवते तीही शीरच! भाषेचा विद्यार्थी म्हणून मला या काटकसरीचे कौतुक वाटे. पण वैद्यकाला ती परवडत नाही. पुस्तकी मराठीत या तिघींना रक्तवाहिनी, कंडरा आणि मज्जातंतू अशी वेगळी नावे आहेत. आणि त्यांतली नेमकी कोणती तुटली यावर माणसाच्या हाताचे भवितव्य ठरते. हे मी पुस्तकातून नव्हे, माझ्या थोरल्या भावाच्या हातावरून शिकलो.

आमच्या घरातून दर हंगामाला आई, आबा आणि दादा सांगली जिल्ह्यात वाळव्याकडे ऊसतोडीला जातात. मी मात्र साताऱ्यात कॉलेजात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी कोयत्याच्या पात्यावरून येते, हे मी कधी विसरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादाच्या उजव्या हातातला कोयता उसावरून निसटला आणि डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटे वर, करंगळीच्या बाजूला बसला. जवळच्या एका दवाखान्यात जखम धुऊन टाके घातले. रक्त थांबले, दहा-बारा दिवसांत कातडी जुळली. करंगळीला स्पर्श कळतो का, हे मात्र तिथे कुणी विचारले नाही.

चार महिन्यांत दादाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आकसून वाकले. अंगठ्याजवळचे मांस बसले, तिथे खळगा पडला. चहाचा पेला धरला की बोटाला फोड यायचा, आणि तो त्याला डोळ्यांनी बघूनच कळायचा. दादा म्हणाला, "आरं, बोट माझंच हाय, पण शेजाऱ्याचं असल्यागत वाटतंय."

शेवटी मिरज गाठली. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत दुखणे हाताबाहेर गेले की मिरजेलाच जातात. तिथल्या डॉक्टरांनी निदान केले : मज्जातंतू तुटला आहे, आणि इतक्या दिवसांत त्याची टोके एकमेकांपासून दूर सरली आहेत.

पुढचे बरेचसे मी ग्रंथालयात शास्त्र शाखेच्या कपाटापुढे उभा राहून वाचले. तुटलेल्या तंतूचा हाताकडचा भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकावर प्रयोग करून दाखवले. पण वरचा भाग जिवंत राहतो, कारण त्याच्या पेशी पाठीच्या कण्यात आणि कण्यालगत असतात. त्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि वाट मिळाली तर पुढे सरकतात. वेग किती? सुमारे एका दिवसाला एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच! वाट मिळाली नाही तर तेच कोंब एकमेकांत गुंततात आणि त्यांची दुखरी गाठ होते. तासगावचा द्राक्षबागाईतदार वेलाला मांडव देतो, तसा या कोंबांना आधार द्यावा लागतो.

मांडव कशाचा करायचा, यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. सर्वांत खात्रीचा मांडव आपल्याच अंगातला : पोटरीच्या मागून जाणारा एक मज्जातंतू काढून तुकडा म्हणून मध्ये जोडायचा. त्यापायी पावलाची बाहेरची कड बधिर होते, पण चालणे अडत नाही. एक अवयव सुधारण्यासाठी दुसऱ्याला जखम का करावी, या विचारातून नळ्या आल्या. १९८० च्या दशकात सिलिकॉनच्या नळीत दोन टोके ठेवून तंतू वाढवण्याचे प्रयोग झाले. पण सिलिकॉन शरीरात विरघळत नाही, ते तंतूला पुढे काचू शकते. मग विरघळणाऱ्या नळ्या निघाल्या. काही कोलॅजेनच्या, म्हणजे कातडी आणि हाडात असणाऱ्या प्रथिनाच्या. तर काही कायटोसानच्या. हे कायटोसान कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून करतात. आपल्या कोकणात जो कचरा म्हणून फेकला जातो, त्यातून माणसाच्या बोटाची जाणीव परत आणण्याचे साधन होते, हे वाचून मी थक्क झालो. तंतू वाढेपर्यंत नळी टिकते आणि मग विरून जाते. मात्र अंतर साधारण तीन सेंटीमीटरांपेक्षा जास्त असेल, तर नळीचा भरवसा धरत नाहीत. दादाचे अंतर पाच सेंटीमीटर निघाले.

ज्या मिरजेत आम्ही गेलो, तिथेच कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूतच घर करतो. बोटे रोगाने झडत नाहीत. बधिर झाल्यामुळे भाजतात, कापतात, चिघळतात आणि मग जातात. अशा रुग्णांच्या खराब झालेल्या तंतूच्या जागी त्यांच्याच स्नायूचा प्रक्रिया केलेला तुकडा बसवून हातापायांची जाणीव परत आणण्याचा प्रयत्न भारतात झाला, आणि त्याचा वृत्तांत १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जगाने दूर लोटलेल्या माणसांच्या हातांनी या शास्त्राला केवढे शिकवले आहे!

मग पाठीचा कणा मोडलेल्यांचे काय? मेंदू आणि मज्जारज्जू यांतले तंतू तुटल्यावर असे वाढत नाहीत. १९८१ साली डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवले, की पायातल्या तंतूच्या तुकड्याचा पूल दिला तर मज्जारज्जूतले तंतूही त्यातून वाढतात. म्हणजे दोष केवळ तंतूचा नव्हे, भोवतालच्या जमिनीचाही. तेव्हापासून तऱ्हेतऱ्हेचे पूल करून पाहणे चालू आहे. पण तुटलेला मज्जारज्जू जोडून माणसाला चालता करील असा रोजच्या वापरातला उपचार आजही नाही. कुणी पैसे घेऊन तसे वचन देत असेल, तर सावध राहावे.

मे २०२४ मध्ये दादाची शस्त्रक्रिया झाली. पोटरीतला तंतू हातात बसवला. आबांनी चक्रावून विचारले, "पायातली शीर हाताचं कसं ऐकंल?" डॉक्टर हसून म्हणाले, "ती नुसती वाट आहे आबा, चालणारा हातातलाच."

खर्चासाठी मुकादमाकडून उचल घेतली. ती फेडायला यंदा आई-आबा दोघेच फडात आहेत. दादा गावी शेरडे राखतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मनगटापासून खाली बोटाने टिचक्या मारत जायचे. जिथे करंगळीत मुंग्या येतात, तिथवर तंतू पोचला असे समजायचे. मी दर महिन्याला घरी गेलो की फूटपट्टी लावून ती जागा दिनदर्शिकेवर लिहितो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंग्या करंगळीच्या शेवटच्या पेरापर्यंत आल्या. वाकलेली बोटे पूर्ण सरळ होतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत; फार दिवस आदेश न मिळालेला स्नायू आदेश घेणेच विसरतो. गेलेले ते पाच महिने कोणतीही नळी परत देणार नाही.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण डॉक्टर होणार नाहीत. कुणी शिक्षक होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी कारखान्यावर कारकून. पण आपल्या भागात कोयते आहेत, कडबाकुट्टीची यंत्रे आहेत, आणि हात तर घरोघरी आहेत. कुणाचा हात कापलेला दिसला तर रक्त थांबवा, दवाखान्यात न्या आणि टाके पडण्याआधी त्याचे डोळे मिटवून एकेका बोटाला स्पर्श करून विचारा, "कळतंय का?" नाही म्हणाला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट धरा.