भिजलेला चिरा

रविवार, रात्र.

सकाळी कोकणे चौकातून सुरमई आणली. कापं धुताना हाताला वास लागला आणि वेंगुर्ल्याचं बंदर थेट पिंपळे सौदागरच्या नवव्या मजल्यावर आलं. खिडकीतून मात्र टॉवरच टॉवर. पाणी म्हणावं तर पवनेचं, तेही जलपर्णीखाली गडप.

दुपारी लक्ष्मण पै यांची चित्रं पाहत बसलो. जन्म १९२६चा, मडगावचा. पोरवयात मामाच्या स्टुडिओत कृष्णधवल फोटोंवर रंग चढवायचे. मग मुंबईचं जे. जे., आणि १९५१पासून दहा वर्षं पॅरिस. तिथे बसून काढलं काय, तर गोवा! तिथली माणसं, त्यांचे कष्ट, त्यांचे सण. ठसठशीत रेषेत, सपाट रंगांत. पुढे १९७७ ते १९८७ ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

गावात असताना गाव दिसत नाही, हेच खरं. तेव्हा बंदरावर मी फक्त एसटीची वाट पाहायचो. आता डोळे मिटले की होड्यांचे रंगसुद्धा मोजता येतात.

संध्याकाळी लेकीची रंगपेटी घेतली. घराची भिंत काढायची होती. तांबड्यात पिवळा घातला, किंचित काळा. रंग विटेचा झाला, जांभ्याचा काही होईना. आईला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. ती म्हणाली, "सुको चिरो कित्याक काढतंस? भिजलेलो काढ."

ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.