मांडवीच्या काठी आखाजीची आठवण

मैत्रिणींनो, गोव्याला जाऊन आलेल्या बायका काय सांगतात ते तुम्ही ऐकलंच असेल. समुद्र, काजू, मंगेशी, शांतादुर्गा आणि मुलांच्या पायांतली वाळू. मीही तेच सांगितलं असतं. पण गेल्या चैत्रात पणजीत एक संध्याकाळ अशी गेली की, तिच्यामुळे मला धुळ्यातल्या माझ्या स्वतःच्या घरातलं एक चुकलेलं माप दिसलं. म्हणून हे लिहायला बसले.

झालं असं की, ह्यांच्या बँकेतल्या जुन्या मित्राच्या मुलाचं लग्न मडगावला होतं. मनमाडहून गोवा एक्स्प्रेस पकडली, लग्न पार पडलं आणि हाताशी दोन दिवस उरले. पणजीच्या लॉजवर एकानं सांगितलं की, संध्याकाळची एक सहल असते. आधी जुन्या वस्तीतून पायी फेरी, मग मांडवीतून बोटीची चक्कर, शेवटी एका जुन्या घरात जेवण आणि पोर्तुगीज गाणी. मला हौस वाटली. ह्यांच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"ज्यांनी साडेचारशे वर्षं मानेवर पाय ठेवला, त्यांची गाणी पैसे देऊन ऐकायची?" हे म्हणाले.

त्यांचंही चूक नव्हतं. १५१० साली आलेले पोर्तुगीज गेले ते १९ डिसेंबर १९६१ला. १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहात हद्दीवर निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रातून गेलेलेही होते. माझे सासरे ती हकिकत सांगताना नेहमी हळवे व्हायचे. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "पाय दुखले तर परत येऊ." पाय दुखण्याचं निमित्त बायकांना कधीही कामी येतं, नाही का!

पाच वाजता फोंताइन्हास नावाच्या वस्तीपाशी जमलो. वाट दाखवायला एक चुणचुणीत मुलगी होती. अरुंद गल्ल्या, पिवळी, निळी, लाल रंगाची घरं, लाल कौलं, रस्त्यावर झुकलेले सज्जे. एकेका जुन्या घराच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेले. त्यातून ऊन आत येतं ते दुधात बुडवून काढल्यासारखं. आमच्या गल्ली नंबर चारमध्ये उन्हाळ्यात गोणपाट भिजवून लावतो, त्यापेक्षा ही युक्ती देखणी खरी! जवळच १८१८ सालचं सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. तिथला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. धर्माच्या नावानं तिथं काय काय झालं, ते त्या मुलीनं लपवलं नाही. हे मान डोलावून ऐकत राहिले. आणि वर टेकडीवर पाहावं तर मळ्यातल्या मारुतीचं देऊळ! आम्ही दोघांनी खालूनच हात जोडले.

बोटीकडे जाताना जुन्या सचिवालयापाशी एक पुतळा लागला. झगा घातलेला एक उंच पुरुष आणि त्याच्यापुढे कलंडलेली एक बाई. "हा तिला काय करतोय?" हे दचकून म्हणाले. तो होता आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला गोव्याचा सुपुत्र. संमोहनविद्येत त्यानं पॅरिसमध्ये नाव काढलं. तो पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा जरा निवळला.

पण खरी गंमत पुढे आली. चालता चालता त्या मुलीनं विचारलं, "तुम्ही घरात रोज किती पोर्तुगीज बोलता, ठाऊक आहे का?" आम्ही हसलो. ती बोटं मोडत गेली. बटाटा, कोबी, पाव, काजू, अननस, पेरू, हापूस. मग बादली, चावी, फीत, इस्त्री. सुताराला मिस्त्री म्हणतो तोही शब्द त्यांचा आणि महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट बघतो तो पगारही! "चाळीस वर्षं पोर्तुगीजच घरी आणला की मी," हे म्हणाले. पहिल्यांदा हसले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मिरची. ती अमेरिकेतली, आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून. त्याआधी तिखटाला आपल्याकडे मिरीसारखे मसाले होते. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मैत्रिणींनो, मी खानदेशची. मिरची न् शेंगदाणा काढून घेतला, तर आमच्या भरतात, शेवभाजीत न् ठेच्यात उरतं काय? जी गोष्ट मी माझ्या आजीच्या आजीची समजत होते, ती कुणाच्या तरी जहाजातून उतरलेली निघाली. पण आजीनं ती पाट्यावर वाटून आपली केली, हेही तितकंच खरं.

बोटीत सूर्य बुडताना बसलो. मांडवी काठोकाठ भरलेली. चैत्रात आमची पांझरा म्हणजे नुसते धोंडे न् वाळू, म्हणून मी त्या पाण्याकडे अधाशासारखी बघत होते. समोर कॅसिनोच्या जहाजांचे दिवे पेटू लागले होते. बोटीवर आधी फुगडी न् देखणी झाली, मग कोरिदिन्यो नावाचा जोडीचा पोर्तुगीज नाच. आणि नंतर सिनेमातली गाणी लावून प्रवाशांनाच नाचायला बोलावलं! एका सोलापूरच्या आजींनी पदर खोचून अशी काही फुगडी घातली की सगळी बोट टाळ्या वाजवत होती.

आठ वाजता जेवणाला त्या जुन्या घरात पोचलो. इथं एक घोळ झाला. आम्ही शाकाहारी, हे सकाळीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिलं ताट आलं ते कोळंबीचं. हे ताठच झाले. पण घरच्या बाईंनी माफी मागून दहा मिनिटांत खतखतं, भात न् सोलकढी आणून वाढली. खतखतं म्हणजे खूप भाज्यांचं, तिरफळं घातलेलं नारळाच्या वाटणाचं कालवण. शेवटी बिबिंक आलं. नारळाचं दूध, साखर, तूप, मैदा आणि अंड्याचं पिवळं. एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा ओतायचा, असे सात किंवा सोळा थर. अंडं वर्ज्य असेल तर आधी विचारून घ्या. आम्हाला चालतं. खाताना मला खापरावरचे मांडे आठवले. जिथं घाई चालत नाही, असे पदार्थ प्रत्येक मुलखात असतातच.

मग दिवे मंद झाले. आधी दोन मांडो झाले. मांडो कोंकणीतला, एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांमधून वाढलेला. लग्नकार्यात स्त्री-पुरुष समोरासमोर ओळी करून, बायका हातात पंखे घेऊन, संथ लयीत नाचतात. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे, आता त्याला बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं वापरतात. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

त्यानंतर काळी शाल पांघरलेली एक बाई उभी राहिली. घरच्या बाईंनी सांगितलं, "आता फादो. फादो चालू असताना चमचासुद्धा वाजवायचा नसतो." फादो म्हणजे नशीब, दैव. लिस्बनच्या बंदराजवळच्या गरीब वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात हे गाणं रुजलं. आमालिया रोद्रिगेश हिनं ते जगभर नेलं. ती १९९९मध्ये गेली. २०११ साली युनेस्कोनं फादोला मानवजातीच्या वारशात घेतलं. आपल्या गोव्याच्या सोनिया शिरसाटही फादो गातात. साथीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार असते. तिचा आवाज सतारीच्या न् पाऊसधारेच्या मधला कुठलासा.

मला एक अक्षर कळलं नाही. पण दुसऱ्या गाण्याला माझ्या डोळ्यांना धार लागली. रुमाल सापडेना, पदरानं पुसलं. नंतर त्या बाईंनी सांगितलं की, तुमच्या हुरहुरीच्या जवळचा एक शब्द पोर्तुगीजांत आहे, सौदाद. जे दूर आहे, कदाचित परत यायचं नाही, त्याची ओढ. पण शब्द कळायच्या आधीच मी कुठं जाऊन पोचले होते सांगू? आमच्या गावाबाहेरच्या निंबाच्या झाडाखाली, आखाजीच्या झोक्यापाशी.

खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिचं महत्त्व दिवाळीएवढं. पितरांसाठी घागर भरायची, सांजोऱ्या न् पुरणपोळी-आमरस करायचा आणि सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचं. गौराई बसवायची, झाडाला झोका बांधायचा आणि अहिराणी गाणी म्हणायची. त्या गाण्यांत भाऊ घ्यायला येत नाही म्हणून झुरणाऱ्या सासुरवाशिणी असतात. चालही अशीच, वर जाऊन हळूच खाली उतरणारी. माझी आई ती गाणी फार सुरेख म्हणायची.

आई गेली त्या वर्षी तिनं आखाजीला निरोप धाडला होता, "येशी ना?" मी कळवलं, घरात पाहुणे यायचे आहेत, पुढच्या वर्षी येईन. आषाढात ती गेली. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. लिहायलाही आज हात जड होतोय.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, संसाराच्या अडतिसाव्या वर्षी. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वर्षीचे पाहुणे माझेच होते. मलाही सुचलं नाही." आणि थोड्या वेळानं, "हे गाणं राज्य करणाऱ्यांचं नाही गं. मागं राहून वाट बघणाऱ्यांचं आहे."

पण मला तेवढ्यानं मोकळं वाटेना. कारण, मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. गोव्याला निघायच्या आठ दिवस आधी सूनबाईनं विचारलं होतं, "आई, यंदा आखाजीला शिरपूरला जाऊ का? आईनं बोलावलंय." आणि मी उत्तर दिलं होतं, "अगं, तेव्हा पुण्याची मंडळी यायची आहेत. नंतर बघू." तेच शब्द! ज्या पाहुण्यांपायी माझी आखाजी बुडाली, तेच पाहुणे मी तिच्या वाटेत आणून बसवले होते. आणि मी स्वतःला चांगली सासू समजत होते!

लॉजवर पोचल्या पोचल्या धुळ्याला फोन लावला. दहा वाजून गेले होते. सूनबाई घाबरलीच, "आई, बरं आहे ना?" मी म्हटलं, "बरं आहे. तू आखाजीला माहेरी जा. चांगले आठ दिवस राहा." पलीकडे शांतता. मग ती हळूच म्हणाली, "आणि पाहुणे?" मी म्हटलं, "मी आहे. तुझे बाबाही आहेत."

ती गेली. पाहुणे आले. पुरण दोनदा पातळ झालं, मिक्सरचं भांडं कुठं ठेवते ते सापडेना, आणि ह्यांनी कधी नव्हे ते आंबे पिळले, त्यात बनियन रंगवून घेतलं. पुण्याची मंडळी पोटभर जेवून गेली. कुणाचं काही अडलं नाही.

तुम्हाला कधी पणजीला अशी संध्याकाळ घालवायची झाली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. उंच टाचांच्या चपला नकोत, रस्ते चढउताराचे आहेत. त्या रंगीत घरांतून माणसं राहतात, विचारल्याशिवाय त्यांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. जेवणाचं काय चालतं, काय नाही, ते पैसे भरताना सांगा आणि पानावर बसण्याआधी पुन्हा सांगा. बोटीत लवकर चढून वरच्या मजल्यावर जागा धरा. आणि पर्समध्ये एक मोठा रुमाल ठेवा.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईनं शिरपूरहून फोनवर एक गाणं पाठवलं. झोक्याच्या दोरीची करकर, बायकांचं हसणं आणि मधूनच तिच्या आईचा, माझ्या विहीणबाईंचा, जरा फाटका पण सुरात लागलेला आवाज. गाणं माझ्या आईचंच होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा हे दारात येऊन उभे होते. त्यांनी हातातला चहाचा कप आवाज न करता ओट्यावर ठेवला.