द्विदल

आमच्या हळ्ळीखेडच्या नावात 'गाव' हा अर्थ एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत येतो. शब्दांच्या दुहेरीपणाची आम्हांला सवय आहे. तरीही तुरीच्या या मुलखात 'द्विदल' म्हटले की डाळच डोळ्यांपुढे येते. गेल्या वर्षी कलबुर्गीहून आणलेल्या तपासणीच्या कागदावर 'महारोहिणीची झडप द्विदल' असे निघाले, तेव्हा धाकट्या बंधूंसह आम्ही सारेच क्षणभर गोंधळलो.

हृदयाला चार झडपा. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप दोन पाकळ्यांचीच असते. व्हेसेलियसला तिच्यात बिशपच्या दुटोकी टोपीचा आकार दिसला आणि 'मायट्रल' हे नाव रूढ झाले. महारोहिणीच्या मुखाशी मात्र अर्धचंद्राकार अशा तीन पाकळ्या असतात. शंभरांतल्या एखाद-दुसऱ्या माणसात त्यांपैकी दोन गर्भावस्थेतच जोडलेल्या राहतात; क्वचित कोणाला चारही आढळतात. उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेचे तर नावच फसवे. तिच्यात चार पाकळ्या असणे मुळीच दुर्मीळ नाही आणि त्याने सहसा काही बिघडतही नाही. ग्रंथात रेखाटलेले हृदय प्रत्यक्ष किती जणांच्या छातीत असते, कोण जाणे!

महारोहिणीच्या झडपेचे तसे नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. तिघींचा भार दोघींवर पडला की त्या लवकर जाड होतात, त्यांत कॅल्शियम साचते, तोंड अरुंद होते किंवा रक्त मागे झिरपू लागते. काहींची महारोहिणीही फुगते. अशा झडपेला जंतुसंसर्ग अधिक जडतो, याकडे विल्यम ऑस्लर यांनी १८८६ साली लक्ष वेधले होते. आणि तरीही अनेकजण तीच झडप घेऊन, तिची वार्ताही नसताना, पूर्ण आयुष्य जगतात. म्हणूनच या भेदाला सरसकट 'दोष' म्हणणे आम्हांला पटत नाही. तो दडवून ठेवणे तर त्याहून पटत नाही.

प्रश्न दडवण्याचाच होता. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात सुमारे दहांतल्या एकाला हीच ठेवण सापडते. सर्वांनी इको करून घ्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, मुलीचे लग्न व्हायचे आहे, कागद कपाटात राहू द्या. सीमाभागातल्या आपल्या घरांची सोयरीक उदगीर-लातूरकडे होते आणि बातमी वऱ्हाडाच्या आधी पोहोचते, ही भीती खोटी नव्हे. तेवढ्यात काकूंनी विचारले, "ह्यांचंही असंच होतं का हो?" आमचे थोरले काका पन्नाशीत, शेताच्या बांधावर बसल्या जागी गेले. त्यांची झडप कशी होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यानंतर कपाटाचा विषय कोणी काढला नाही.

आम्ही तिघे भावंडे आणि बंधूंची तीन मुले, असे सहाजण कलबुर्गीला जाऊन आलो. पाचांच्या पाकळ्या तीन. धाकट्या पुतणीच्या दोन. झडप तूर्त उत्तम चालते, ठरावीक काळाने पाहत राहायचे, एवढेच तिला सांगितले आहे. लातूरच्या स्थळाला हे कोणी कळवायचे, यावर घरात दोन दिवस खल झाला. तिसऱ्या दिवशी तिने आपणच फोन लावला आणि अहवालाची प्रत पाठवली. त्यांनी ती आपल्या डॉक्टरांना दाखवतो म्हणून सांगितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.