एकाच रंगाची विमाने, दोन करार

१/ १२ फेब्रुवारी २००९. नेवार्कहून बफेलोला निघालेले एक छोटे विमान रात्री उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे ५० जीव गेले. विमानावर नाव कॉन्टिनेन्टलचे होते. चालवत मात्र होती कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी. या दोन नावांमधल्या अंतराचा हा इतिहास.

२/ सहवैमानिक तरुणी राहायला सिअ‍ॅटलच्या परिसरात, नेमणुकीला नेवार्कमध्ये. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून प्रवास करत ती कामावर पोहोचली होती. विमान ‘स्टॉल’ होण्याचा इशारा मिळताच कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली, हे चौकशीत अपघाताचे कारण ठरले. थकव्याने दोघांची क्षमता घटली असावी, पण किती, हे सांगता येत नाही, असेही अहवालात नोंदले गेले.

३/ थकवा आणि वेतन यांचे नाते मात्र जुने आहे. १९३१ साली डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील वैमानिकांची संघटना उभी राहिली. तेव्हाचा वाद असा : कंपन्यांना तासावर वेतन द्यायचे होते, वैमानिकांना मैलांचाही हिशेब हवा होता. विमाने वेगवान होत होती. तेच अंतर कमी तासांत कापले जाऊ लागले, तर वेगाचा सगळा लाभ मालकाच्या पदरात पडणार होता.

४/ १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने ‘निर्णय ८३’ दिला. वेतनात तास आणि मैल दोन्ही धरले गेले आणि महिन्याला ८५ तासांहून अधिक उड्डाण नको, अशी मर्यादा पडली. पैसा आणि विश्रांती एकाच कागदावर आली, ती येथे. १९३८ च्या कायद्याने या निर्णयाला आधार दिला.

५/ १९७८ मध्ये भाडे आणि मार्ठ ठरवण्यावरचे सरकारी नियंत्रण उठले. मोठ्या कंपन्यांनी मोजक्या शहरांत केंद्रे उभारली आणि लहान गावांहून प्रवासी आणण्याचे काम प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवले. तिकीट एकाचे, रंग एकाचा, नोकरी मात्र दुसऱ्याकडे.

६/ मोठ्या कंपन्यांतील वैमानिकांनी आपल्या करारात एक कलम घालून घेतले : बाहेरच्या कंपनीने किती आसनांची विमाने चालवावीत, याची मर्यादा. त्याने त्यांचे काम राखले गेले. पण कुंपणापलीकडे कमी वेतनाचा एक वेगळा वर्गही पक्का झाला. संघटना बहुधा तीच, करार निराळे.

७/ या करारांतील खरी मेख ‘तास’ या शब्दात आहे. विमान जागेवरून हलले की वेतनाचे घड्याळ सुरू होते, मुक्कामी थांबले की बंद. मधल्या वेळी विमानतळावर ताटकळणे, तपासणी करणे, हे काम असूनही बहुतांशी त्या घड्याळाबाहेर. म्हणून संघटना झगडत आली, ती नुसत्या दरासाठी नव्हे. ड्युटीच्या इतक्या तासांमागे किमान इतके वेतन मिळालेच पाहिजे, या कलमासाठीही.

८/ २६ मार्च २००१. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरचे सुमारे १३५० वैमानिक संपावर गेले. वाटाघाटी जवळजवळ तीन वर्षे रेंगाळल्या होत्या, कारण रेल्वे कामगारांसाठी केलेला १९२६ चा कायदा विमान कंपन्यांनाही लागू आहे आणि मध्यस्थीचे सारे टप्पे संपल्याखेरीज तो संप करू देत नाही. कंपनीची विमाने जमिनीवर राहिली. ८९ दिवसांनी सुधारित करार झाला.

९/ विजय खरा होता, पण अपुरा. प्रादेशिक कंपन्या अनेक होत्या. एकीचा खर्च वाढला की काम दुसरीकडे वळवता येई. पुढे कॉमएअर आक्रसत गेली आणि २०१२ मध्ये बंद पडली. एकट्या कंपनीत जिंकलेला करार शेजारच्या स्वस्त करारापुढे टिकत नाही, हा धडा वैमानिकांना महागात पडला.

१०/ जे करारांना साधले नाही, त्यातले काही बफेलोतील मृतांच्या कुटुंबीयांनी साधले. ते वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा जात राहिले. २०१० मध्ये कायदा झाला. सहवैमानिकालाही पूर्ण परवाना, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव, आवश्यक ठरला. २०१४ पासून ड्युटीपूर्वी किमान दहा तास विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी बंधनकारक झाली. हा नियम साऱ्या प्रवासी कंपन्यांना सारखाच लागू असल्याने स्वस्त शेजाऱ्याकडे पळवाट उरली नाही.

११/ वेतन मात्र हलले, ते टंचाईने. एके काळी नवख्या सहवैमानिकाला तासाला वीस-पंचवीस डॉलर मिळत. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक उपकंपन्यांनी तो आकडा तात्पुरत्या वाढीसह ९० डॉलरवर नेला. बाजाराने दिलेले बाजार परतही घेऊ शकतो. म्हणून ते करारात लिहून घेण्याची धडपड चालूच आहे.

१२/ प्रवासी खिडकीतून विमानाचा रंग पाहतो. पुढे बसलेली व्यक्ती काल रात्री कुठे झोपली, हे त्या रंगावरून कळत नाही. ते करारातील एका रूक्ष कलमावर अवलंबून असते, आणि ते कलम कुणीतरी कधीतरी भांडून मिळवलेले असते.