डावा हात वर

दाताच्या डॉक्टरांबद्दल माझं मत वाईट होतं. एक दात दाखवायला गेलं की चार बिघडलेले निघतात, असं मी चारचौघांत हसत सांगायचे. शिवाय वरची दाढ काढली की नजर अधू होते, हे आजीकडून ऐकलेलं. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, हे पुढे वाचलं होतं; तरी आजीचं म्हणणं सोयीचं होतं, म्हणून सोडलं नाही. खरं तर मला भीती वाटायची. पण भित्री म्हणवून घेण्यापेक्षा चिकित्सक म्हणवून घेणं बरं दिसायचं. मंडईत प्रत्येक वांगं उलटंपालटं करून पाहणारी मी, स्वतःची दाढ मात्र न बघताच चांगली ठरवून बसले होते.

पुण्यात मंडईजवळच्या एका दवाखान्यात गेले ती फक्त दात साफ करून घ्यायला, तेही लेकीने पिच्छा पुरवला म्हणून. डॉक्टर लेकीच्याच वयाची. एक्स-रे काढून म्हणाली, "काकू, या वरच्या दाढेचं रूट कॅनाल करावं लागेल."

"पण ती दुखत नाहीये!"

"आधी कधी दुखली होती?"

दुखली होती. रात्र रात्र ठणकायची. लवंग दाबून धरली, काही दिवसांनी ठणका गेला आणि लवंगेचे गुण मी दिसेल त्याला ऐकवले. डॉक्टरने एक्स-रेवर बोट ठेवलं. जुन्या सिमेंटखालून कीड नसेपर्यंत गेली होती आणि मुळाच्या टोकाशी हाडात काळा डाग होता. नस मेली म्हणून ठणका थांबला होता. लवंगेतल्या युजेनॉलने दात बधिर होतो, दंतवैद्यही ते वापरतात. पण त्याने कीड जात नाही. म्हणजे दवाखान्याच्या ज्या वासाने माझ्या पोटात गोळा यायचा, तो माझ्याच फडताळातल्या लवंगेचा होता.

तिने खर्च सांगितला आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागले. मंडईचा अष्टकोनी मनोरा दिसत होता. १८८६ सालच्या या इमारतीवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आज तिला नाव त्यांचंच आहे. मीही विरोध करणार होते. तेवढ्यात तिने विचारलं, "नक्की कशाची भीती वाटते? सुईची की मशीनची?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. लहानपणी एका दवाखान्यात दोघांनी हात धरून माझा दात काढला होता. मी नको नको म्हणत होते, पण तोंडात कापूस होता. "थांबा म्हणता येत नाही, त्याची," मी म्हणाले.

"मग डावा हात वर करा. मी थांबेन. का, ते विचारणार नाही."

इंजेक्शन तिने हळूहळू दिलं. भूल टिकावी म्हणून त्यात ॲड्रेनलिन असतं, त्याने जरा धडधडेल, हे आधीच सांगितलं. धडधडलं आणि ओसरलं. मशीन सुरू झालं तसा मी हात वर केला. दुखत काहीच नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. मशीन थांबलं. तिने तोंडातलं सगळं बाहेर घेतलं आणि गप्प बसून राहिली. मी हात खाली घेतला. जरा वेळाने पुन्हा वर केला, पुन्हा विनाकारण. ती पुन्हा थांबली. मी तिची परीक्षा घेतेय हे तिला कळलं नसेल, असं मला वाटत नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते. ज्यांना मी वर्षानुवर्षं लुबाडणारे म्हणत आले, त्यांच्यातलीच ही मुलगी माझ्या संशयासाठी आपला वेळ खर्ची घालत होती. मला शरम वाटली. त्यानंतर हात पोटावरच राहिला, नंतरच्या खेपांनाही.

कॅप बसून पैसे बरेच गेले. सगळेच दंतवैद्य सरळ असतात असंही मी म्हणणार नाही. एक्स-रे बघायला मागावा, शंका असली तर दुसऱ्याला दाखवावा. माझ्यासारखं कुणी दुखायची थांबलेली दाढ घेऊन घरी बसलं असेल, तर त्यांना एवढंच सांगते: जा, आणि तोंड उघडण्याआधी थांबण्याची खूण ठरवून घ्या. डॉक्टर नाही म्हणाले, तर उठून दुसरीकडे जा.