अदलाबदल, साटे, मोबदला : एका क्रियापदाचे मराठी हिशेब

१/
इंग्रजीतील ‘स्वॉप’ हे छोटे क्रियापद दोन वस्तूंची जागा पालटते आणि मोकळे होते. मराठीला त्यासाठी एक शब्द पुरत नाही. अदलाबदल, विनिमय, साटे, बलुते, मोड, मोबदला : सातारा आणि सांगलीच्या इतिहासात हे शब्द वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. देणारा आणि घेणारा बरोबरीचे होते का, हेही ते सांगून जातात. त्यासाठी हा धागा.

२/
‘स्वॉप’चा मूळ अर्थ आघात करणे. सौदा पक्का होताना एकमेकांच्या हातावर हात मारीत, त्यावरून त्याला देवाणघेवाणीचा अर्थ आला. आपल्याकडील जनावरांच्या जुन्या बाजारांतही उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरत असे. व्यवहार कागदावर येण्यापूर्वी तो हातात होता, ही गोष्ट दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

३/
आता ‘अदलाबदल’. हा शब्द अगदी घरचा वाटतो, पण त्यातील ‘बदल’ मूळचा अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आला. बदली, बदला, मोबदला ही त्याचीच भावंडे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही ‘बदल’ मराठीतून गेला नाही. ‘विनिमय’ ग्रंथांत राहिला, ‘अदलाबदल’ बाजारात.

४/
या शब्दाचे राजकीय उदाहरण म्हणजे १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह. सातारचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांनी वारणा नदी ही सीमा मानली. उत्तरेचा मुलूख साताऱ्याकडे, दक्षिणेचा कोल्हापूरकडे. याच तहात रत्नागिरी आणि कोपळ या ठिकाणांची अदलाबदल ठरली.

५/
कागदावर ही दोन भावांची समजूत दिसते. पण आदल्याच वर्षी, १७३० मध्ये, शाहूंच्या सैन्याने संभाजींचा पराभव केला होता. म्हणजे तहातील अदलाबदल एका जेत्याने आणि एका पराभूताने केलेली होती. ज्या रयतेची गावे या सीमेने विभागली गेली, तिचे मत विचारण्याचा तर तो काळच नव्हता.

६/
गावगाड्यातील विनिमयाचे नाव बलुते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. पाठ्यपुस्तकांत याला परस्परावलंबन म्हणतात. मात्र काम किती, ते कोण सांगणार आणि धान्य किती, हे कोण ठरवणार, या प्रश्नांची उत्तरे बलुतेदाराच्या हाती नव्हती. महारांच्या वाट्याला तर पडेल ते काम होते.

७/
१९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, हा त्यातील एक मुद्दा. वरकरणी ही हिशेबाची बाब वाटते. प्रत्यक्षात धान्यासाठी खळ्यावर हात पसरण्याऐवजी ठरलेले वेतन हक्काने घेणे, असा तो फरक होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला.

८/
‘साटे’ हा शब्द दोन टोकांना पोचतो. जमिनीच्या विक्रीचा करार म्हणजे साटेखत. आणि एका घराची मुलगी देऊन त्या घरची मुलगी सून म्हणून आणायची, ते साटेलोटे. दोन्ही घरांचा हिशेब जुळे, परंतु ज्यांची देवघेव झाली त्या मुली करारात पक्ष म्हणून कुठेच नसत. आज ‘साटेलोटे’ म्हटले की संगनमताचा भ्रष्ट व्यवहार आठवतो. तिसऱ्याला न विचारता दोघांनी परस्पर जमवलेला व्यवहार, हा धागा मात्र दोन्ही अर्थांत समान आहे.

९/
‘मोड’ मात्र तराजूचा शब्द. जुना दागिना मोडीत घालून नवा घ्यायचा. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक देशभरच्या शहरांत पसरले, ते जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या याच कामावर. तेथे वजन, कस आणि घट यांचा हिशेब असतो. सोन्याबद्दल सोने देताना किती द्यायचे, हे मोजता येते.

१०/
जमिनीचे काय? कोयना धरणाने सातारा जिल्ह्यातील खोरे शिवसागराखाली गेले. विस्थापितांसाठी सरकारी शब्द होता ‘मोबदला’. लोकांची मागणी होती ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’. दोन्हींत तोच अरबी ‘बदल’ आहे, तरी अर्थात केवढे अंतर! मोबदला पैशांत मिळतो आणि घरखर्चात संपतो. बदल्यात मिळालेली जमीन पुढच्या पिढीला पेरता येते.

११/
महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ साली. कोयनेचे पाणी त्याच्या आधीच अडवले गेले होते. ज्या वारणेने १७३१ मध्ये दोन गाद्यांची सीमा आखली, तिच्यावरही शिराळा तालुक्यात चांदोली येथे धरण झाले आणि तेथील गावांनाही उठावे लागले. छत्रपतींच्या तहात ठिकाणाला ठिकाण मिळाले. शेतकऱ्याला मात्र जमिनीला जमीन मिळवण्यासाठी मोर्चे काढावे लागले, ठिय्या द्यावा लागला.

१२/
या कथेचा एक अध्याय अगदी अलीकडचा आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे बांधावरचे वाद गावोगाव आहेत. २०२३ च्या जानेवारीत राज्य शासनाने ‘सलोखा योजना’ आणली. ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अदलाबदलीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. दोघांची संमती ही तिची पहिली अट. साटेलोट्यात जी गोष्ट नव्हती, तीच येथे दस्ताचा पाया आहे.

१३/
म्हणून जुन्या कागदात ‘अदलाबदल झाली’ असे वाक्य आले, की त्यावरून पुढे सरकण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. वस्तूंची किंमत कोणी ठरवली? नकार देण्याची मोकळीक दोघांनाही होती का? आणि जिची देवघेव झाली ती वस्तू होती, की माणूस? इतिहासाच्या वाचकाला समानार्थी शब्दांच्या यादीपेक्षा या तीन प्रश्नांचा उपयोग अधिक आहे.