माय आणि ना यांच्यामधली जागा

आमच्यातली एक जळगावला शिकवते, दुसरी धुळ्याला. २००४ साली एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आम्ही दोघींनी अहिराणी ओव्यांची पुरवणी केली होती. एका विद्यार्थिनीने आजीच्या तोंडून ऐकून त्या उतरवून घेतल्या होत्या. आजी पुढे गेली, वहीही घर बदलताना हरवली. उरला तो छापील अंक आणि पेजमेकरमधली एक फाईल. यंदा त्यांचे छोटे पुस्तक करावे असे ठरले, आणि ती फाईल उघडली.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याच्या फाईली इनडिझाईनच्या २०१२मधल्या सीएस-६पर्यंत उघडत. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. जुन्या संगणकावर फाईल उघडली खरी, पण ओळी हलल्या. पेजमेकर एकेक ओळ जुळवीत असे, इनडिझाईन सबंध परिच्छेद नजरेसमोर ठेवून कोणती ओळ कुठे तोडायची ते ठरवते. शब्दांमधल्या जागेची ताण-दाबही दोघांची निराळी. एवढ्यावर भागते तर तक्रार नव्हती. पण ओळींच्या मधोमध 'वावर मा', 'माय ना' असे तुटलेले शब्द दिसू लागले.

त्याचे कारण आमच्याच पुरवणीत होते. पाने वाचावीत म्हणून ओव्या गद्यासारख्या सलग, अरुंद स्तंभांत लावल्या होत्या. दोन्ही कडा सरळ हव्यात, तर शब्दांमधली जागा ताणावी लागते. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली देवनागरी चित्रे; मराठी शब्द कुठे तोडावा हे त्या सॉफ्टवेअरला कळणार कसे? मग ओळीत भगदाडे पडत. जुळणी करणारा त्यावर तोड काढी: प्रत्ययाआधी स्पेसबार दाबायचा, प्रत्यय खालच्या ओळीत जातो, वरची ओळ सावरते. ओळीच्या टोकाला ती जागा डोळ्यांत येत नाही. वीस वर्षांनी ओळ सरकली, जागा मात्र तिथेच राहिली. मुद्रिते आम्हीच तपासली होती, हेही सांगून टाकतो.

प्रमाण मराठीत हे सहज निस्तरता आले असते. अहिराणीत 'ना' हा षष्ठीचा प्रत्यय. 'मायना' म्हणजे आईचा. पण ओवीत सुटा 'ना' नकाराचाही असू शकतो. आम्ही अधीरपणे सगळे 'ना' मागच्या शब्दांना जोडून टाकले. शुद्धलेखन तपासणीनेही हरकत घेतली नाही. तिच्या लेखी मायना पत्राचा असतो. नंतर शांतपणे वाचताना एका ओवीशी अडखळलो. आई नसलेल्या माहेराची ती ओवी आमच्या दुरुस्तीने आईच्या माहेराची झाली होती. छापील अंक काढून पाहिला, तर नेमके तिथेच 'माय'पाशी ओळ संपलेली.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद पाहिले की हा प्रश्न नवा नाही हे ध्यानात येते. १९२६च्या अखेरीस इतिहासाचार्य धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभे राहिले. मोडी लिहिणारा आधी शिरोरेषा आखून घेई आणि अक्षरे तिला सलग टांगी. शब्द तोडणे हे वाचणाऱ्याचे काम. आसोद्याच्या बहिणाबाई तर निरक्षर. त्यांची गाणी सोपानदेवांनी व एका आप्ताने लिहून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. म्हणजे त्यांतली प्रत्येक मोकळी जागा दुसऱ्याच्या हातची आहे. वर्गात आम्ही त्यांची भाषा शिकवतो, प्रतिमा शिकवतो. या जागांविषयी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता साक्रीकडे असते. ओवी वाचून दाखवल्यावर तिला काही सांगता येईना; म्हणून पाहते म्हणाली. पहिल्यांदा ती 'माय'पाशी थांबली. पुन्हा म्हणायला सांगितले, तर थांबली नाही. नक्की कोणते, असे विचारल्यावर म्हणाली, आजी कधी असे म्हणायची, कधी तसे.

ती ओवी आम्ही दोन्ही रीतींनी, एकीखाली एक दिली आहे. परवा छापखान्यातून विचारणा आली: ही ओळ चुकून दोनदा आली आहे, एक काढू का?